किरकोळ हाय

माझं लग्न झालं त्याच्या पुढच्याच आठवड्यात आजऱ्याहून मामांचा फोन आला. नव्या नवरीशीही चार शब्द बोलतील म्हणून मी स्पीकर सुरू केला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, ‘‘काय मामा, बरं आहे ना सगळं?’’

‘‘कशाचं बरं,’’ मामांनी उसासा सोडला. ‘‘सकाळी उठताना लई तरास देती बग. धापा टाकती, खोकती, ठसके लागत्यात. एकदा अंगात ऊब आली की दिवसभर पळती, पण तवर जागची हलत न्हाई. आणि रातभर खाली गळती चालूच.’’

बायकोचा चेहरा पडला. ‘‘मामींना आजच्या आज कोल्हापूरला न्यायला सांगा,’’ ती कुजबुजली. कुजबूज पलीकडे पोचली.

‘‘मामीला? मामीला कशाला? ती बसलीय चुलीफुडं भाकरी थापत. मी जीपचं सांगालोय.’’

या गोष्टीला बारा वर्षं झाली. अजूनही मामांनी ‘आज जरा बरी हाय’ म्हटलं की बायको आधी विचारते, ‘‘कोण?’’

मामांची आजऱ्याजवळ शेती आहे. थोडं भात, थोडा ऊस, उतारावर काजू. वय बहात्तर. विचारलंत तर ‘शेतकरी’ म्हणून सांगतील, आणि ते खोटंही नाही. पण जीप चालवायला त्यांना आठवड्यातून दोन तास पुरतात आणि ती चालू ठेवायला उरलेला आठवडा लागतो, त्यातून जो वेळ वाचेल त्यात शेती. असा एक माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. कुणाच्या दारात महिंद्राची जीप असते, कुणाच्या परड्यात लष्कराच्या लिलावातून आणलेली जबलपूरची जोंगा. माणूस मात्र एकाच साच्यातून ओतलेला. नखांच्या कडा कायम काळ्या. खिशातल्या नोटेला ग्रीसचा वास. लग्नाच्या पंगतीत बसला असला तरी रस्त्यावरून एखादं इंजिन गेलं की घास हातात धरून मान तिरकी करणार, आणि मग शेजारच्याला सांगणार, ‘‘एक प्लग मारंना त्याचा.’’

मामांची जीप म्हणजे महिंद्राची पेट्रोलवरची सीजे-थ्री-बी, १९६९ सालची. १९८६ मध्ये त्यांनी ती सरकारी लिलावात घेतली. त्या पैशांत मामींच्या बांगड्या व्हायच्या होत्या, अशी एक परंपरागत माहिती आमच्या घराण्यात आहे, पण मामांसमोर तिचा उच्चार होत नाही. लिलावातून ती आली तेव्हा चालत नव्हती. दोन बैलजोड्या लावून घरी आणली. चार बैलांनी ओढत आणलेली फोर-व्हील ड्राइव्ह गाडी बघायला सगळी वाडी जमली होती, हे मामी सांगतात. मामा तेवढाच भाग गाळून पुढचं सांगतात.

पुढचं म्हणजे इतिहास. नवा पाहुणा जीपजवळ उभा राहिला की मामा बॉनेटवर हात ठेवतात आणि सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून होते. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्धात सहा लाखांवर जीपा कशा बनवल्या, युद्ध संपल्यावर महिंद्रांनी मुंबईत माझगावला सुटे भाग मागवून जोडणी कशी सुरू केली, इथपर्यंत आलं की मामा थांबतात आणि प्रश्न टाकतात, ‘‘आता सांगा, हिचं बॉनेट एवढं उंच का?’’

हा प्रश्न त्यांनी तलाठ्याला विचारलाय, भटजींना विचारलाय, आणि धाकटी लेक बघायला आलेल्या मुलालाही विचारलाय. उत्तर त्यांनाच द्यायचं असतं. आधीच्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह खाली, बाजूला. मग हरिकेन इंजिन आलं, २,१९९ सी.सी.चं. त्यात एग्झॉस्टचे व्हॉल्व्ह होते तिथंच ठेवले आणि इनलेटचे वर, हेडमध्ये नेले. इंजिनाची उंची वाढली, जुन्या बॉनेटखाली मावेना. ‘‘मग काय करायचं? बॉनेट वर घेटलं. डोस्कं बगून टोपी घ्यायची, टोपी बगून डोस्कं तासायचं न्हाई.’’ लेक बघायला आलेल्या त्या मुलानं ‘‘हवा खेळती राहावी म्हणून असेल’’ असं उत्तर दिलं होतं. लग्न झालं. पण मामा अजून त्याला ‘हवावाले पावणे’ म्हणतात.

गिअरच्या दांड्याशेजारी दोन बुटके दांडे आहेत. एक ओढला की पुढची चाकंही कामाला लागतात, दुसऱ्यानं गाडी ‘लो’मध्ये जाते. मग वेग रांगत्या पोराचा आणि जोर जवळजवळ अडीचपट. ‘डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकायचं न्हाई’ ही जीपची पहिली आज्ञा, आणि ती मला स्टिअरिंगला हात लागण्याच्या आधी दहा वर्षं ठाऊक होती. मे महिन्याच्या सुट्टीत मामांनी आम्हा चार भाचरांना खळ्यात उभं केलं. दोघं पुढं, दोघं मागं. आम्ही चार चाकं. सगळ्यांच्या कमरेला एकच कासरा. ‘‘आता वळा खुंट्याभवती.’’ वळताना पुढच्यांना मोठा फेरा पडतो, मागच्यांना लहान. कासरा म्हणतो सगळे सारखं चाला. तिसऱ्या फेरीत आमचा गुंता झाला आणि सगळ्यात धाकटी मावसबहीण तोंडावर आपटली. ‘‘कळलं?’’ मामा तिला उचलून झाडत म्हणाले. ‘‘चिखलात असता तर कुनीतरी घसरला असता, भागलं असतं. डांबरावर घसरायला जागाच न्हाई. मग शाफ्ट पीळ खातो आणि गिअरचा दात जातो.’’ मावसबहिणीचाही गेला होता, पण तो दुधाचा होता.

मामांचा आवडता शब्द ‘किरकोळ’. जीपला काय झालंय असं विचारलं की उत्तर एकच, पण त्याला पायऱ्या आहेत आणि त्या समजायला घरात काही वर्षं काढावी लागतात. ‘किरकोळ हाय’ म्हणजे दोन तास, आपण चहा घ्यावा. ‘तसं किरकोळच म्हनायचं’ म्हणजे मिस्त्रींना निरोप गेलाय आणि पाहुण्यांच्या अंथरुणाची सोय करावी लागेल. आणि ‘किरकोळ वाटतंय’ हे वाक्य आलं की मामी काही न बोलता परड्यातल्या फणसाखालची लाकडं हलवतात, कारण आता तिथं चेन-ब्लॉक बांधला जाणार आणि इंजिन फांदीला लटकणार. एका साली ते श्रावणात लटकलं आणि गौरी-गणपती होईतो तिथंच होतं. पावसापासून राखायला त्यावर इरलं घातलं होतं. मामींचं म्हणणं, तेव्हापासून ती फांदी फणस धरत नाही. मामांचं म्हणणं, ती आधीपासूनच कामचुकार होती.

मिस्त्री मामांहून दोन-तीन वर्षांनी मोठे. कानानं थोडे कमी, पण इंजिनाच्या बाबतीत नाही. आले की पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. मामाही दुसऱ्या बाजूनं तेच करतात. दोन वैद्य एकाच रोग्याच्या दोन नाड्या बघत बसलेत असं ते दृश्य. मग निदान सुरू होतं.

‘‘ट्यापेट.’’

‘‘ट्यापेट न्हाई. पिस्टनची पिन.’’

‘‘पिनचा आवाज असा? पिन खणखणती. हे टिकटिकालंय.’’

‘‘ऐक नीट. मधीच एक खणकन येतंय.’’

‘‘ते तुमच्या हातातलं कडं हाय.’’

असं दुपारपर्यंत चालतं. मला वाटायचं की हे भांडण आहे. फार उशिरा लक्षात आलं की मिस्त्री आले नाहीत त्या आठवड्यात जीप ठणठणीत असली तरी मामांचं जेवण कमी होतं.

आता साड्यांबद्दल सांगायला हवं. जीपच्या माणसाला फडकं लागतं, आणि ते सुतीच लागतं. नायलॉन तेल पीत नाही, नुसतं पसरवतं. घरात सुती कापड म्हणजे मामींच्या साड्या. त्यामुळे मामींच्या प्रत्येक साडीचं पुनर्जन्मातलं नाव जीपच्या कामावरून पडलेलं. मोरपंखी म्हणजे रिंग-पिस्टन केलं तेव्हाची. डाळिंबी, क्लच-प्लेट. चटणी रंगाची चौकड्याची, मागचा मेन पाटा तुटला त्या पावसाळ्यातली. माझ्या आईनं भाऊबीजेला मामींसाठी अबोली काठाची एक साडी पाठवली होती; ती मी पहिल्यांदा बघितली ती मामांच्या खांद्यावर, अर्धी. गडहिंग्लजला साडी घ्यायला गेलं की मामा रंग बघत नाहीत. पदर चिमटीत धरून चोळतात आणि दुकानदारासमोर म्हणतात, ‘‘ही चांगली पिईल.’’

‘‘मी काय नेसाय घेतो व्हय?’’ मामी म्हणतात. (आमच्याकडे बायका ‘येतो, जातो’च म्हणतात, माझ्या पुणेरी बायकोला पहिल्या दिवाळीत मामींच्या बोलण्यात कोण आलं नि कोण गेलं याचा पत्ताच लागला नव्हता.) ‘‘मी आपली जीपच्या चिंध्या चार वर्षं अंगावर वागवतो. मग पोच करतो.’’

घरातला दुसरा मुलूखही जीपनं हळूहळू व्यापला आहे. मामा नट-बोल्ट टाकत नाहीत. वाकडे, गंजलेले, आटे गेलेले, सगळे डब्यात. फळीवर एकोणीस डबे आहेत आणि त्यांवर आतल्या वस्तूचं सोडून कशाचंही नाव आहे. ‘बोर्नव्हिटा’त प्लग. ‘चहा’त शॅकलच्या पिना. ‘साखर’ लिहिलेल्या डब्यात एकदा खरोखरच साखर होती, आणि तिच्यात पॉइंट-सेट, कारण ‘साखर ओल धरून ठेवती, पॉइंट कोरडं ऱ्हातं’. हे शास्त्र बरोबर आहे का हे मला माहीत नाही. त्या दिवशीच्या चहाला मात्र एक धातूची चव होती.

आणि हत्यारं. जीपचं मूळ अमेरिकी, त्यामुळे तिचे बोल्ट इंचांत. आपले नेहमीचे मिलिमीटरचे पाने एकतर बसत नाहीत, नाहीतर बसल्यासारखे करतात आणि बोल्टचे कोपरे खातात. म्हणून मामांकडे इंची पान्यांचा एक संच आहे, त्यातला ‘नऊ-सोळा’ त्यांचा उजवा हात. तो कुणाला मिळत नाही. भावकीतल्या एकानं तो ट्रॅक्टरसाठी नेला आणि तीन दिवस ठेवला, तेव्हा चौथ्या दिवशी मामा त्याच्या दारात जाऊन बसले. मागितला नाही. नुसते बसले. चहा आला, पोहे आले, मग पाना आला.

बाजारात जो भाग मिळत नाही त्यासाठी कोल्हापूरचं उद्यमनगर आहे. मामांच्या लेखी देवस्थानांत अंबाबाई, जोतिबा आणि उद्यमनगर असा क्रम लागतो, आणि क्रम असाच असेल याची मला खात्री नाही. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो आहे. ज्या गिअरकेसमुळे पुढची चाकं फिरतात तिच्या आतला आडवा शाफ्ट झिजला होता. जीप उघडी पडलेली, म्हणून एस.टी.नं निघालो. शाफ्ट मामींच्या डाळिंबी साडीत गुंडाळून मांडीवर, खिडकीशेजारी. कंडक्टरनं विचारलं, ‘‘काय हाय?’’ मामा म्हणाले, ‘‘पेशंट.’’

उद्यमनगरात एका बोळात, दहा बाय बाराच्या गाळ्यात, लेथवर एक गृहस्थ होते. नमस्कार-चमत्कार काही नाही. शाफ्ट हातात घेतला, अंगठा फिरवला, मग मायक्रोमीटर लावला.

‘‘नऊ थाऊ खाल्लंय.’’

‘‘मला धा वाटलं हुतं,’’ मामा म्हणाले. नऊ थाऊ म्हणजे इंचाच्या हजार भागांतले नऊ. हे अंगठ्यानं ओळखणारी दोन माणसं एका गाळ्यात बसली होती आणि मी बाजूला माझ्या पदवीसह उभा होतो.

‘‘ई एन चोवीसमध्ये करू. पण हार्डनिंगला दोन दिवस जातील.’’

‘‘जाऊ देत.’’

भाव विचारला नाही, सांगितला नाही. शेजारी गुऱ्हाळाच्या चरकाचं पिनियन घेऊन आलेले एक शेतकरी होते. त्यांनी आमचा शाफ्ट बघायला मागितला, मामांनी त्यांचं पिनियन बघायला घेतलं. दोघांनी माना हलवल्या. अर्धा-अर्धा चहा झाला. तासाभरानं उठताना मामा त्या शेतकऱ्याला म्हणाले, ‘‘दात बरं व्हईल. काळजी करू नका.’’ परतताना एस.टी.त मी हिशोब मांडला: शाफ्टचा खर्च, दोन खेपांचं भाडं, दोन दिवस. ‘‘मामा, एवढ्यात...’’ मी सुरुवात केली. मामा खिडकीबाहेर बघत होते. त्यांना झोप लागली होती, निदान डोळे तरी मिटलेले होते.

हिशोबाची गोष्ट सगळ्यांनीच त्यांना सांगून झाली आहे. ही जीप लिटरला आठ किलोमीटर देते, तेही उतार धरून. आमच्या भागातल्या कितीतरी जीपांची पेट्रोल इंजिनं काढून लोकांनी डिझेलची बसवली. मामांनाही सल्ला मिळाला. ‘‘बैलाच्या अंगात रेड्याचं काळीज घालू?’’ एवढं म्हणून त्यांनी तो विषय संपवला. पेट्रोल परवडत नाही तेव्हा ते चालत जातात. जीप परवडत नाही असं त्यांनी कधी म्हटलेलं नाही.

गाडी पंधरा वर्षांची झाली की पुढे दर पाच वर्षांनी पासिंग. तो दिवस मामांच्या घरी सणाचा. जीपला अंघोळ, मामांना अंघोळ, दोघांना गंध. एका पासिंगला साहेबांनी हॉर्न वाजवायला सांगितला. मामांनी दाबला, वाजला नाही. ‘‘जरा डावीकडं वळून वाजवतो साहेब,’’ मामा म्हणाले आणि स्टिअरिंग अर्धं फिरवून हॉर्न दिला. साहेब हसले. मामा हसले नाहीत. त्यांच्या मते तो हॉर्न चालू होता.

वायपर हा खास प्रकार. या जीपचा वायपर विजेवर चालत नाही, इंजिनाच्या ओढीवर चालतो. सपाटीला झकास. पण चढाला ॲक्सिलरेटर दाबला की ओढ पडते आणि वायपर मध्येच, काचेच्या ऐन मध्यावर, हात वर करून थांबतो. आजऱ्याचा पाऊस कसा असतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मामांची पद्धत अशी: चढाला चार वाव रस्ता बघून घ्यायचा, पाय दाबायचा, आंधळेपणी पाठ असलेला रस्ता चढायचा, मग पाय सोडायचा, वायपरला दोन फेरे मारू द्यायचे, पुन्हा चार वाव बघून घ्यायचे. शेजारी बसलेल्या माणसाला या काळात देव आठवतात. मामांना गाणी.

विकायची वेळ एकदाच आली. धाकटीच्या लग्नानंतर हात आखडला होता, आणि पुण्याहून एक तरुण मुलगा चांगली ऑफर घेऊन आला. जुन्या जीपांची सध्या हौस आहे. लोक रुंद टायर घालतात, रंग मारतात, रविवारी डोंगरात नेतात. मुलगा नम्र होता. मामांनी त्याला ओसरीवर बसवला, पाणी दिलं, आई-वडील काय करतात विचारलं. पगार विचारला नाही. मग म्हणाले, ‘‘गाडी चालती असताना पयला गिअर टाकायचा असंल तर काय करशीला?’’

‘‘क्लच दाबेन.’’

‘‘आणि?’’

‘‘गिअर टाकेन.’’

मामींनी स्वयंपाकघराच्या दारातून मामांच्या तोंडाकडे बघितलं आणि आत जाऊन चहाऐवजी सरबत केलं. सौदा होणार नाही हे त्यांना कळलं होतं. या जीपच्या तीन गिअरांतल्या पहिल्याला सिंक्रोमेश नाही. गाडी पूर्ण थांबवायची, नाहीतर डबल क्लच मारायचा. नुसता रेटला तर दातांवर दात. तरीही मामांनी मुलाला आणखी एक संधी दिली. स्टार्टिंगचं हँडल हातात दिलं. मुलानं ते क्रिकेटच्या बॅटसारखं घट्ट मुठीत धरलं, अंगठा पलीकडून. मामांनी हलकेच ते त्याच्या हातातून काढून घेतलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो आणि हँडल खालून वर ओढायचं असतं. इंजिनानं उलट झटका दिला तर हँडल बोटांतून सुटून जातं. अंगठा अडकला तर मनगट जातं. मामांचं उजवं मनगट थोडं वाकडं आहे. १९८७ सालचं.

मुलाला त्यांनी जेवायला घातलं, जाताना आजरा घनसाळचा पाच किलो तांदूळ दिला आणि एस.टी. स्टँडपर्यंत जीपनं सोडलं. परत येऊन म्हणाले, ‘‘पोरगं गुनी हाय. पण तिला समजून घेणारं न्हाई.’’ मामी म्हणाल्या, ‘‘मला बघाय आला हुतासा तवा कुनी हँडल दिलं न्हाई तुमच्या हातात.’’

मी हे सगळं तटस्थपणे लिहितोय असं कुणाला वाटू नये. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. दोन वर्षांपूर्वी रविवारी मी तिथं घड्याळ बघायला गेलो होतो. एका ताडपत्रीवर, तुटका रेडिओ आणि पितळी तांब्याच्या मध्ये, डिस्ट्रिब्युटरची एक जुनी टोपी दिसली. चार सिलिंडरची. मी ती उचलली, उलटी केली, आत चीर आहे का बघितली, नखानं कार्बन खरवडला. विकणारा म्हणाला, ‘‘जीपची आहे साहेब.’’ मी म्हणालो, ‘‘माहीत आहे,’’ आणि माझ्याच आवाजातली ऐट ऐकून दचकलो. घड्याळ घेतलं नाही. घरी गेलो तेव्हा माझ्या नखाची कड काळी होती आणि बायको माझ्या हाताकडे बघत होती. मामांना फोन केला. पहिल्यांदाच त्यांनी मला ‘भाचं’ न म्हणता नावानं हाक मारली.

गेल्या मे महिन्यात सावंतवाडीला लग्न होतं. मामा म्हणाले, जीपनं जाऊ. पुढं मामा-मामी, मागं बाकावर आम्ही दोघं, आमची मुलगी आणि आहेराच्या पिशव्या. जाताना उतार, सकाळची वेळ. जीपनं आंबोली घाट असा उतरला की बायकोनं चक्क ‘छान आहे हो’ म्हटलं. मामा दिवसभर लग्नात ते वाक्य लोकांना सांगत होते.

परतताना दुपारचे दोन. दाणोली सोडली, चढ लागला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर जीप एकदा आचकली, पुन्हा आचकली, आणि रस्त्याच्या कडेला येऊन शांत झाली. मामांनी हँडब्रेक ओढला. हँडब्रेक फार मनावर घेत नाही, म्हणून मी उतरून चाकाखाली दगड लावला; हे मला सांगावं लागत नाही. बॉनेट उघडलं. आतून भट्टीसारखी धग आली.

‘‘व्हेपर लॉक,’’ मी म्हणालो.

‘‘व्हेपर लॉक,’’ मामांनी दुजोरा दिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं असं म्हटलं तर ते चूक ठरणार नाही. नळीतल्या पेट्रोलची उष्णतेनं कार्बोरेटरला पोचण्याआधीच वाफ होते, पंप वाफच ओढत बसतो आणि इंजिन उपाशी राहतं. उपाय एकच: पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. मामांनी सीटखाली हात घातला. फडकं नव्हतं. लग्नाला जायचं म्हणून सकाळी गाडी साफ केली होती, ती इतकी साफ की फडकीही घरी ठेवून आले होते. पाण्याची बाटली मुलीनं केव्हाच संपवली होती. घाटातले सगळे धबधबे मे महिन्यात कोरडे ठाक. शेजारून नव्या गाड्या काचा बंद करून वर जात होत्या. मामांनी स्वतःच्या इस्त्रीच्या शर्टाच्या वरच्या गुंडीला हात घातला.

‘‘ऱ्हाऊ द्या,’’ मामी म्हणाल्या.

त्या अजून पुढच्या सीटवरच बसल्या होत्या, नवी कोरी इरकल नेसून. मांडीवर लाडवांचा डबा. त्यांनी आहेराच्या पिशव्यांतली सगळ्यात खालची मागितली. तिच्यातून प्लास्टिकची एक पिशवी काढली, तोंड रबरानं बांधलेलं. रबर सोडलं. आत घडी घातलेलं फडकं, निथळतं ओलं. काठ अबोली.

‘‘दाणोलीच्या नळावर भिजवून घेतलो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमी त्या पानवाल्याला बॉनेटचं सांगत हुतासा तवा.’’

मामांनी फडकं घेतलं. पंपावर नीट बसवलं, वरून बाळाला पांघरूण घालावं तसं दोन्ही बाजूंनी खोचलं. चर्रर्र आवाज झाला, थोडी वाफ निघाली. मग ते येऊन कठड्यावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मामींनी डब्याचं झाकण काढलं.

‘‘किती वेळ लागेल?’’ बायकोनं विचारलं.

मामांनी तोंड उघडलं होतं, पण मामी आधी बोलल्या.

‘‘किरकोळ हाय. बस, लाडू खा.’’